नीलसरोवराचा निळा तुकडा

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. एखाद्या वल्लीकडे पाहून तुम्ही हसत हसत म्हणता तसा नव्हे. प्लायवूडच्या पाटावर उभा असलेला, चार इमारतींचा खराखुरा नमुना. कचेरीतले लोक मला मॉडेल म्हणत. आज मी जिन्याखालच्या खोलीत मोडक्या शिडीला टेकून पडलो आहे आणि माझ्या अंगावर एका जागी सुकलेल्या गोंदाचा डाग आहे. त्या डागाचीच ही कहाणी.

मला घडवले मॉडेलवाल्या ताईंनी. जाड पुठ्ठ्याच्या भिंती, प्लास्टिकच्या खिडक्या, हिरव्या रंगात बुडवलेल्या स्पंजची झाडे. माझी गच्ची तर त्यांनी अशी अलगद ठेवली, जणू तान्ह्या बाळाला टोपडे घालत होत्या. सगळे झाले आणि इमारतींच्या मधोमध तळहाताएवढी जागा रिकामी उरली. नकाशात तिथे गाड्या लावायच्या होत्या. "किती उघडंबोडकं दिसतंय रे तुझं पोट!" असे म्हणून ताईंनी खणातून निळ्या काचेचा एक तुकडा काढला, कडा घासल्या आणि तिथे चिकटवला. काठाला आगपेटीच्या काड्यांचा एक बाक केला. त्यांच्या मनात दुसरे काहीही नव्हते.

मी विक्री कचेरीत पोहोचलो त्याच दुपारी माझ्याभोवती नाव ठरवण्याची बैठक बसली. बांधकामाचे मालक, म्हणजे साहेब, त्यांचे मेहुणे आणि जाहिरातवाला, असे तिघे होते.

"राजमहाल कसं वाटतं?" साहेबांनी विचारले.

"शहरात चार राजमहाल आहेत, साहेब. त्यातल्या एकाची लिफ्ट दोन वर्षं बंद आहे," जाहिरातवाला म्हणाला.

"मग आमच्या आईचं नाव द्या," मेहुणे म्हणाले.

"म्हणजे माझ्या सासूबाईंचं? अहो, मग मला रोज कमानीखालून मान खाली घालून जावं लागेल!"

सगळे खो खो हसले. जाहिरातवाला मात्र वाकून मला न्याहाळत होता. त्याचे बोट निळ्या काचेवर थांबले. "साहेब, नाव तर इथं पडलंय की! नीलसरोवर. म्हणून बघा. नुसतं म्हटलं तरी गार वारा लागतो."

साहेबांनी दोनदा म्हणून पाहिले. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांनी डोळे मिटले. नाव ठरले. नकाशा उघडून बघावा, हे कुणाच्या डोक्यातही आले नाही.

मग काय विचारता! चौकाचौकांत फलक लागले. बसच्या पाठीवर नीलसरोवर झळकले. पत्रकांवर चार हंस पोहू लागले. लोक येत, माझ्यावर वाकत, "वा वा" म्हणत. खोटे कशाला सांगू, मला ती स्तुती फार गोड लागे.

एका रविवारी औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेले काका आणि त्यांच्या घरच्या काकू आल्या. काकूंचे माहेर तळ्याकाठचे. लग्नानंतरची तीस वर्षे मात्र त्यांच्या खिडकीतून समोरच्या घराची भिंत तेवढी दिसत आली होती. काकूंनी काचेवर असे बोट टेकवले, जणू पाणी किती गार आहे ते पाहत होत्या.

"अहो, बाकसुद्धा ठेवलाय!"

"बाक काय आपल्या एकट्याचा आहे? दुसरं कुणी बसेल."

"मी आधी जाऊन बसेन."

"बस बाई. मी चहा खालीच आणून देत जाईन."

त्यांनी दुसऱ्या मजल्यावरचे, माझ्या निळ्या तुकड्याकडे तोंड असलेले घर घेतले.

ताईंना नाव कळले ते फलक वाचून. त्या धावतच आल्या. "साहेब, तिथं तळं नाहीच आहे हो! जागा मोकळी दिसत होती म्हणून मी काच चिकटवली."

जाहिरातवाला म्हणाला, "ताई, लोक घर घेतात, होडी नाही."

मला अंग चोरता आले असते तर मी चोरले असते.

इमारती उभ्या राहिल्या. तळ्याच्या जागी गाड्यांसाठी पांढऱ्या रेघा आखल्या गेल्या. घरे विकली गेल्यावर मला जिन्याखाली ठेवले. राहायला आल्या दिवशी काकू त्या रेघांमध्ये उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, इथंच होतं ना ते?" ते मी झरोक्यातून ऐकले. पुढे काकूंनी खिडकीतली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली, असे झाडूवाल्या मावशी सांगत.

मित्रांनो, नाव म्हणजे हाक. हाक मारली की कुणालातरी ओ द्यावी लागते. कमानीवरची सोनेरी अक्षरे सहा वर्षे हाक मारत होती आणि ओ देणारे कुणी नव्हते. पाहुणे विचारत, "सरोवर कुठंय?" रहिवासी सांगत, "पाइप फुटला की येतं."

शेवटी नाव बदलण्यासाठी सभा भरली. खुर्च्या काढायला काकू माझ्या खोलीत आल्या आणि मला बघून थबकल्या. त्यांनी पदराने काच पुसली आणि मला उचलून थेट सभेत नेऊन ठेवले.

"नाव कशाला बदलता?" त्यांनी सगळ्यांना विचारले. "ते बिचारं खरं व्हायची वाट बघतंय. तळं करा."

"काकू, आणि गाड्या कुठं लावायच्या? डोक्यावर?"

तेव्हा सभेत कधी न बोलणारे काका उभे राहिले. "आमची जागा घ्या. आमच्याकडे गाडी नाही. तिथं आजवर शेजाऱ्यांचीच गाडी राहत आलीय."

हशा पिकला. शेजारी कानाची पाळी धरून म्हणाले, "मग माझीही घ्या. लावीन मी बाहेर कुठंतरी." आणखी दोन हात वर झाले. चार गाड्यांच्या जागेएवढे तळे ठरले.

माझ्या पाटाच्या कोपऱ्यात लिहिलेला पत्ता वाचून काकूंनी ताईंना निरोप धाडला. ताई आल्या आणि पातळ पात्याने त्यांनी माझ्या पोटावरचा निळा तुकडा सोडवला. "दुखलं का रे?" त्यांनी हळूच विचारले. दुखले. पण तो तुकडा तळ्याच्या तळाशी, ओल्या सिमेंटात बसवायचा आहे हे ऐकले आणि मी निमूट राहिलो.

मला पुन्हा जिन्याखाली आणले गेले. बाहेर फावडी वाजली, पाणी पडल्याचा आवाज आला. पुढे बरेच दिवस सारे शांत होते. मग एका संध्याकाळी बाहेर एक बेडूक ओरडला. इवलासाच आवाज, पण मला वाटले, कमानीवरच्या हाकेला देवाने ओ दिली. पाठोपाठ काकूंचा आवाज आला, "अहो, ऐकलंत का? चहा खालीच आणा!"

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, घराला, दुकानाला, लेकराला नाव द्याल. सुंदरच द्या, पण दिलेत की त्याला जपा, त्याला एकटे टाकू नका. आणि कधी खुर्च्या न्यायला या खोलीत आलात, तर मलाही उचला आणि घडीभर त्या काठावर ठेवा. ते तळे मी अजून पाहिलेले नाही. तोवर रोज संध्याकाळी, माझ्या काड्यांच्या बाकाशी, गोंदाच्या डागासमोर, मी कान लावून बसतो.