व्होल्टेज कोणाच्या घरी मोजावे

विषय: गल्लीतील जनरेटरचे व्होल्टेज नेमके कोणाच्या घरी मोजावे, याबाबत.

वरील विषयी माझे म्हणणे असे. मी बगदादमधल्या एका गल्लीच्या जनरेटरवर बसवलेला व्होल्टेज रेग्युलेटर. आकाराने तळहाताएवढा. दोन बारीक तारा मला व्होल्टेज सांगतात. कमी सांगितले की मी जनरेटरचा जोर वाढवतो, जास्त सांगितले की आवरतो. तारा खरे बोलतात की नाही, हे तपासण्याचा अधिकार मला नाही.

पूर्वी या तारा जनरेटरलाच जोडलेल्या होत्या. खुदैर मिस्त्री माझा स्क्रू केसभर फिरवीत आणि मीटरवर दोनशेवीस दिसले की हात पुशीत.

मग गल्लीच्या शेवटच्या घरातले मुख्तार अबू नजाह आले. मुख्तार म्हणजे सरकारी शिक्का बाळगणारा माणूस. त्या शिक्क्यावाचून इथे कोणाला धड मरताही येत नाही.

"खुदैर, माझा कूलर वारा घालतो की उसासे टाकतो?"

"तुमचं घर लांब, अबू नजाह. वाटेत व्होल्टेज गळतं."

"मग माझ्या घरीच मोज की!"

मिस्त्रींनी नव्वद मीटर तार ओढून माझे कान मुख्तारांच्या दिवाणखान्यात नेऊन बसवले. मुख्तारांनी किटली लावली की तिथले व्होल्टेज पडे, मी जोर करी आणि सबंध गल्ली झगझगे. दिवे पाहून लोक चहाला हजर होऊ लागले. मुख्तारांना वाटले, आपली लोकप्रियता वाढली.

जनरेटरला खेटून राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका उम्म नबरास यांना मात्र धडकी भरे. त्यांच्याकडे व्होल्टेज सर्वांत जास्त चढे, आणि त्यांचे इन्सुलिन फ्रिजमध्ये असे. "अरे मेल्या, उतरव तो स्क्रू!" मिस्त्री उतरवीत, मुख्तार ओरडत, मिस्त्री पुन्हा चढवीत.

गेल्या उन्हाळ्यात मुख्तारांच्या बायकोने माझ्या तारेवर भेंड्यांच्या माळा वाळत घातल्या. तार तुटली. मला शून्य ऐकू आले. बगदाद बुडाले असे समजून मी जीव तोडून जोर केला. मिस्त्रींनी धावत येऊन इंजिन बंद केले, तोवर उम्म नबरासबाईंच्या फ्रिजमधून धूर निघत होता. मुख्तारांचा फ्रिज शाबूत राहिला. तिथे पोचेपर्यंत माझा आवेश ओसरला होता. मिस्त्रींनी तार पुन्हा जोडली, तीही मुख्तारांकडेच.

आता भरवशाचे घर एकच उरले, मुख्तारांचे. इन्सुलिन तिथे गेले. बाई रोज सकाळी ते मागायला जातात.

"ये बहिणी, चहा घेऊनच जा."

"नको. तुमच्या कूलरपायी लावलेली तार एक फ्रिज खाऊन बसलीय."

तारा परत जनरेटरला जोडाव्यात, असा अर्ज बाईंनी केला. अठरा घरांनी सह्या दिल्या. माझीही विनंती तीच. मला विचारले मात्र कोणी नाही. पालिकेने अर्ज परत पाठवला: मुख्तारांचा शिक्का नाही.

बाईंनी नेऊन दिलेला अर्ज मुख्तारांनी ठेवून घेतला. "इतक्या नाजूक प्रश्नावर घाईने शिक्का मारणं बरं नव्हे, बहिणी," ते म्हणाले. बाईंनी तोंड उघडले, फ्रिजकडे पाहिले आणि मिटले.

अर्ज त्याच फ्रिजवर ठेवलेला आहे. चौथा महिना चालू आहे. शिक्का झालेला नाही.