सही घेऊन सोडायचं होतं

थांबा रे मित्रांनो, आधी ऐका तर! मी एक जुनी लाकडी शिट्टी आहे, शिकारीसाठी बदकांना बोलवायची. अमेरिकेत, आर्कान्सा राज्यातल्या एका तळ्याकाठी डेल्बर्ट क्राउसनं मला अक्रोडाच्या लाकडातून कोरलं. माझ्या आतली पातळ जीभ तासताना त्याचा हात जरा जास्त चालला, आणि माझ्या प्रत्येक हाकेच्या शेवटी उचकी यायला लागली. दुसऱ्या कुणी मला चुलीत टाकलं असतं. पण गंमत बघा, बदकं त्या उचकीलाच भुलायची! धुक्यात मी वाजले की पलीकडच्या होडीतून कुणीतरी ओरडायचंच, "डेल्बर्टकाका, तुमच्या बदकिणीला पाणी पाजा हो!"

मग एका हिवाळ्यात कुणीतरी मागून येऊन डेल्बर्टच्या डोक्यात वल्हं घातलं. त्याची बंदूक नेली, मलाही नेलं. डेल्बर्ट वाचला, पण एक डोळा गेला. मारणारा त्याला दिसलाच नाही. मला मात्र माहीत होतं! लाइल टॅकेट. त्याच्याच कोटाच्या खिशात होते ना मी! बंदूक त्यानं कुठेशी विकून टाकली. मला ठेवलं, कारण माझ्यामुळे बदकं यायची; फक्त वाजवायचा लांबच्या तळ्यांवर, कुणी ओळखणार नाही तिथे.

एका पहाटे शेरीफच्या माणसानं, रेनफ्रोनं, त्याची होडी अडवली.

"दिवा कुठाय रे होडीला?"

"तो काय, उगवतोय!" लाइलनं पूर्वेकडे बोट दाखवलं.

झालं! रेनफ्रोचं डोकं फिरलं. बेड्या घातल्या, खिसे उलटे केले आणि मी बाहेर आले. डेल्बर्टची चोरीला गेलेली शिट्टी त्यानं ओळखली, आणि लाइलवर त्या हल्ल्याचा खटला उभा राहिला.

आता खरी भानगड इथेच. राज्याचा कायदा म्हणतो, एवढ्याशा गुन्ह्याला अटक करायची नाही. कोर्टाच्या तारखेचा कागद द्या, सही घ्या, सोडा. लाइलच्या वकीलबाई पिकन्स तेच धरून बसल्या. "सोडलं असतं तर खिसा तपासला नसता. शिट्टी सापडलीच नसती."

सरकारी वकील हार्लन उसळले. "दिवा नव्हता, हे तर खरं ना? देशाच्या घटनेला धक्का लागलेला नाही. राज्याचा नियम मोडला, तर रेनफ्रोचे कान धरा! पुरावा फेकून द्या असं त्या नियमात लिहिलंय कुठे?"

"आजवर धरलेत कुणी कान?" पिकन्सबाई म्हणाल्या.

डेल्बर्टची मुलगी नेडीन उठून उभी राहिली. माझ्याशिवाय दुसरा पुरावाच नव्हता तिच्याकडे. "बाईसाहेब, एकदाच वाजवू द्या. बाबा डोळे मिटूनही ओळखतील."

न्यायाधीश ओडमबाई म्हणाल्या, "तेच तर ठरवायचंय, नेडीन. एकदा ऐकली की मला ती विसरता येणार नाही."

त्यांनी मला उचलून टेबलाच्या कडेला ठेवलं. मग म्हणाल्या, "नियम पोलिसांनाही आहे. तो मोडून मिळालेलं इथे चालणार नाही."

लाइल सुटला. शिट्टी तुझी का, असं विचारल्यावर खांदे उडवून म्हणाला, "छे! माझी कशाला असेल?" म्हणून मी नेडीनच्या हातात आले.

कोर्टाच्या पायऱ्यांवर डेल्बर्टनं मला बाहीला पुसलं आणि वाजवलं. जोरात! शेवटी उचकी आलीच. दारात रेनफ्रो थबकला. पिकन्सबाई स्वतःच्या बुटांकडे बघत राहिल्या. खालच्या पायरीवर लाइलचा पाय तसाच थांबला. गर्दीतून कुणीतरी सवयीनं ओरडलं, "पाणी पाजा हो..." आणि मधेच गप्प झालं. सगळ्यांनी ऐकलं, मित्रांनो. फक्त कोर्टानं नाही.

आता मी डेल्बर्टच्या गळ्यात असते. बदकं येतात, एका डोळ्यानं त्याचा नेम चुकतो, ती उडून जातात. आणि हो, परवा रेनफ्रोनं पुन्हा एक बिनदिव्याची होडी पकडली. कागद दिला, सही घेतली, सोडून दिलं.

मग सांगा बघू, ओडमबाईंच्या खुर्चीत तुम्ही असतात, तर मला वाजू दिलं असतंत?