भाव उतरेपर्यंत

माझे सासरे मोरू पाटील यांना आयुष्यात एक गोष्ट उत्तम जमली, ती म्हणजे सही न करणं. मिठागरांची जमीन घ्यायला कंपनी आली तेव्हा अख्ख्या गावाने सह्या करून टाकल्या. सासरे मात्र ओट्यावर बसून राहिले. शेवटी साहेबच घरी आले, चहा पिऊन गेले आणि भाव वाढवून दिला. तेव्हापासून कोणाचा ट्रक विकायचा असो की सोयरीक जुळवायची असो, बोलणी करायला मोरूदादाच. हा तोरा मी लग्न झाल्यापासून झेलते आहे.

गेल्या वर्षी त्यांच्या आणि सासूबाईंच्या आरोग्य विम्याचा हप्ता एकदम दुपटीवर गेला. त्याच सुमाराला टीव्हीवर सांगितलं, की ज्येष्ठांच्या विम्याच्या हप्त्याला लगाम घालणारं विधेयक येणार आहे. झालं. सासऱ्यांनी हप्ता भरायचाच थांबवला.

त्यांचा पुतण्या प्रणय विम्याची कामं करतो. तो हातातलं सोडून धावत आला.

"काका, कायदा अजून यायचाय. मुदत टळली तर पॉलिसी जाईल. काकीला साखर हाय, परत कोन देनार न्हाय."

"तू त्यांचा मानूस," सासरे हसले. "गिऱ्हाईक त्यांनाच पायजे. थांबलो की येतील खाली."

मीही बोलले. पण सुनेचं ऐकलं तर ते मोरू पाटील कसले.

कोणी आलं नाही. मुदत संपल्यावर मोबाइलवर पॉलिसी बंद झाल्याचा एक मेसेज आला, तोही इंग्रजीत. दुसऱ्या कंपन्यांनी साखरेचा रिपोर्ट बघूनच हात वर केले. मला राग आला होता, पण वाईट जास्त वाटलं. ते काही चिकटपणाने वागले नव्हते. जन्मभर जे खरं ठरलं, त्यावरच विसंबले होते.

होळीनंतर सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. नवी मुंबईच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली, तीही लगेच. सरकारी योजनेत नंबर लागायला वेळ होता आणि आमचे मालवाहू ट्रेलर बँकेच्या हप्त्यांवर चालतात, हातात रोकड नव्हती. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मेडिक्लेम आहे ना?" "नाही," मीच सांगितलं. विधेयक अजून विधेयकच होतं.

रस्त्यालगतचा जमिनीचा एक तुकडा तेवढा उरला होता. सासूबाई तिथे दर थंडीत वाल पेरायच्या. गावचे भागोजी ठाकूर कधीपासून तो मागत होते. ते कागद घेऊन इस्पितळाच्या कँटीनमध्ये आले आणि त्यांनी पडेल भाव सांगितला.

"सही कुठं करू?" सासऱ्यांनी विचारलं.

भागोजीच गडबडले. "दादा, बोला की कायतरी. मी वाढवायच्या तयारीनंच आलोय."

"नको. मना आता थांबायची भीती वाटते."

वाढवून घ्या, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी पेन उघडलंही होतं. मी सहीच्या जागेवर बोट ठेवून कागद धरला.