फाटकाखालचा लव्हाळा

निवृत्त पर्यवेक्षकांची एकतीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये कॉप्या पकडण्यात गेली होती. त्यामुळे घरापुढच्या हिरवळीत लव्हाळा दिसला तेव्हा तो उगवला कसा, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. आणला कुणी, एवढाच पडला.

संशयित एकच होता. कुंपणापलीकडे धाकटा भाऊ राहायचा आणि त्याच्याही हिरवळीत हुबेहूब तेच तण होतं. तीच तीनधारी दांडी, तीच चकचकीत पाती, बाकीच्या गवतापेक्षा दोन बोटं उंच. दोन उत्तरपत्रिकांत एकच चूक निघाली की एकाने दुसऱ्याचं बघितलेलं असतं. आपण बघणाऱ्यांतले नाही, याबद्दल पर्यवेक्षकांची खात्री होती.

महिनाभर ते रोज सकाळी लव्हाळा उपटत होते. उपटावा तिथे आठवड्यात एकाचे चार. मग तर शंकेला जागाच उरली नाही.

"अहो, भाऊजी कशाला तुमच्या बागेत गवत लावतील?" बायकोने विचारलं.

"मोठी बाग माझ्या वाट्याला आली म्हणून."

"त्याला वीस वर्षं झाली."

"काहींची स्मरणशक्ती चांगली असते."

कुंपणातलं फाटक भिंत घालून बुजवायचं, असं त्यांनी ठरवलं. जावा दिवसातून दहादा त्या फाटकातून ये-जा करायच्या. पुढचं दार त्यांना जवळपास परकंच झालं होतं. "उद्या गवंडी येतोय," हे ऐकल्यावर बायको जेवणभर फक्त सुनेशी बोलली, तेही फोनवर.

गवंड्याने फाटकाखाली पायाचा चर खणायला घेतला आणि हातभर खणून थांबला.

"साहेब, हे बघा."

मातीत काळ्या गाठींची माळच होती. दोऱ्यासारख्या मुळाने एकीला दुसरी जोडलेली, दोन्ही बागांकडे गेलेली.

"वरचं पातं ओढलं की ही माळ तुटते, आणि सुटलेली प्रत्येक गाठ नवी फुटते," गवंडी म्हणाला. "कुणीतरी अगदी मन लावून उपटलंय."

पर्यवेक्षकांनी हातातलं खुरपं पाठीमागे नेलं. पलीकडे भाऊ येऊन उभा होता. त्याचाही एक हात पाठीमागेच होता.

"तूही?"

"महिना झाला. मला वाटलं, दादा, तूच टाकतोयस."

"तुझ्यासाठी मी एवढे कष्ट घेईन?"

"तेच आमची ही म्हणाली."

पर्यवेक्षक गवंड्याकडे वळले. "याची सुरुवात कुठल्या बाजूने झाली?"

"ते गाठीवर लिहिलेलं नसतं, साहेब. आणि भिंत घातली तरी हे खालून जाणारच. आधी गाठी काढा."

"मी काढतो," भाऊ म्हणाला.

"नको. निम्म्या सोडशील."

"आणि तू उपटशील."

थोड्याच वेळात दोघे भाऊ चरात समोरासमोर उकिडवे बसले होते. दोघांनाही पक्कं माहीत होतं की आपण नजर काढली तर समोरचा एखादी गाठ मुद्दाम आत ठेवणार. दर पाच मिनिटांनी एकमेकांच्या पाटीत डोकावणं चालू होतं.

"मग विटा कधी आणू?" गवंड्याने विचारलं.

"हे संपल्यावर," दोघेही एकदम म्हणाले.

गवंड्याने चराकडे पाहिलं, दोन्ही हिरवळींकडे पाहिलं आणि थापी पिशवीत टाकली. "मी दुसरं काम धरतो," तो म्हणाला.

कुणी वर पाहिलं नाही. भावाने मातीतून एक टपोरी गाठ काढून पर्यवेक्षकांसमोर धरली.

"ही तुझ्या बाजूची."

"कशावरून?" पर्यवेक्षक म्हणाले, आणि नीट बघायला आणखी जवळ सरकले.