भुंग्याचा बोगदा

आजारपणाच्या आधी त्या घरात रोज सकाळी एक बोगदा तयार व्हायचा. ती सूर्यनमस्कार घालायला सतरंजी अंथरायची, आणि हातपाय टेकून कंबर वर उचलली रे उचलली, की तिचा लेक कुठूनतरी रांगत यायचा नि आईच्या पोटाखालून आरपार निघून जायचा. जाताना आगगाडीसारखं ‘हूंऽऽऽ’ करायचा, कारण बोगद्यात आवाज घुमतो अशी त्याची पक्की खात्री होती. त्या गुणगुणण्यावरूनच त्याला सगळे भुंगा म्हणायला लागले.

“अरे, एक नमस्कार तरी पुरा होऊ दे माझा!” ती ओरडायची. तोवर गाडी वळसा घालून पुन्हा हजर.

मग डाव्या छातीत गाठ लागली. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. औषधांनी केस गेले, ते पुन्हा आलेही. हात मात्र रुसला तो रुसलाच. वेणी घालायला मागे जाईना, फळीवरचा डबा काढायला वर जाईना. आणि भुंगा रोज सकाळी सतरंजीच्या जागेवर येऊन उभा राहायचा.

“आई, बोगदा?”

“उद्या हं, राजा.”

उद्या म्हणजे काय, ते त्याला अजून कळत नव्हतं. तेवढंच बरं होतं.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आधी भिंतीवर बोटं चालवायला लावली, मग हलकी वजनं सांगितली. “भार हळूहळू वाढवायचा. आणि हातावर अंग तोलायचं, ते मला दाखवल्याशिवाय नाही,” असं त्यांनी बजावलं होतं.

“वजनं विकत कशाला आणायची? मी शिवते की,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा जन्म शाळेचे गणवेश शिवण्यात गेला होता. उरलेल्या निळ्या कापडाच्या त्यांनी पिशव्या केल्या, वाळू भरली, तोंडं दुहेरी शिलाईने बंद केली. बाईंनी भार वाढवायला सांगितला, की सासूबाईंची नवी पिशवी आधीच्यापेक्षा मोठी.

“घ्या पैलवानबाई, तुमचा खुराक!”

ती उचलायची आणि हरखून जायची. “अहो आई, एवढी मोठी आणि काहीच वाटत नाही हो!”

“ताकद आलीय तुला,” सासूबाई सुईत दोरा ओवत म्हणायच्या. मान काही वर करायच्या नाहीत.

तिला ते पटलं. कुणाला पटलं नसतं? तिच्या अंगाबद्दल किती दिवसांनी कुणीतरी चांगलं बोललं होतं.

बाईंना दाखवायला जायचा दिवस जवळच आला होता, पण तिला धीर निघेना. एका सकाळी तिने सतरंजी काढली. हात टेकले, कंबर उचलली. व्रणाची कातडी ताणली, काखेत दोरी ओढल्यासारखं झालं, पण बोगदा उभा राहिला.

“भुंग्याऽ, गाडी सुटली बघ!”

दुधाचा कप तसाच टाकून तो धावला. मधल्या काळात तो वाढला होता, त्याला मान खाली घालावी लागली. ‘हूंऽऽ’ करत तो अर्ध्यात आला, आणि घडीची खुर्ची मिटावी तसा तिचा डावा हात कोपरातून मिटला. ती सगळीच्या सगळी त्याच्यावर आली.

त्याचा ओठ दातावर फुटला. रक्त थोडंच आलं. पण सुटका झाल्याबरोबर तो रडत पळाला तो आजीकडे. आईने हात पुढे केले, तर तो आजीच्या मागे लपला.

दुपारी तो झोपला. ती ठणकणारा हात उशीवर ठेवून बसली होती. “एवढं सगळं उचलून काय झालं, आई? माझं अंगच दगाबाज आहे. उरलेलंही असंच कधीतरी दगा देणार.”

सासूबाई उठल्या. सगळ्यात मोठी पिशवी घेऊन त्यांनी कात्रीने तिची शिवण उसवली. वर्तमानपत्रावर ओंजळभर वाळू सांडली. मग आतून आणखी एक पिशवी निघाली, कापसाने गच्च भरलेली.

“आई, हे काय?”

“पहिल्या पिशवीत वाळूच होती गं. पुढे हिंमत झाली नाही.” त्या कापूस बोटांनी पिंजत राहिल्या. “माझ्या धाकट्या बहिणीचंही हेच ऑपरेशन. घरी आली, आणि एक दिवस भरलेली बादली उचलली तिने. हात असा सुजला, की बाहीत जाईना. शेवटपर्यंत उतरला नाही. तिच्या प्रत्येक ब्लाउजची डावी बाही मी वेगळ्या मापाने बेतायचे. तुझं माप तसं घ्यायला लागलं असतं तर...”

“अहो, पण मला सांगायचं तरी! पोराच्या अंगावर पडले मी!”

“माझ्यामुळे पडलीस. बोल मला. तोंडाला येईल ते बोल.”

बोलायला पुष्कळ होतं. पण त्या बोटांकडे बघून तिला एवढंच म्हणता आलं, “वाळू भरा त्यात. खरी.”

बाईंनी दोघींना चांगलंच फैलावर घेतलं. बेताबेताने वाढवलेल्या भाराने हात बिघडत नाही, सूज दिसली तर लगेच या, असं सासूबाईंना समोर बसवून समजावलं. तेव्हापासून सासूबाई रोज संध्याकाळी टेप घेऊन सुनेचा दंड मोजायच्या आणि सुटकेचा निःश्वास टाकायच्या. सगळं पुन्हा सगळ्यात लहान पिशवीपासून सुरू झालं. आता उचलताना हात थरथरायचा, आणि सासूबाई तोंड फिरवून मशीन चालवायच्या.

भुंग्याच्या पँटी आखूड झाल्या. तो अख्खी वाक्यं बोलायला लागला. उद्या म्हणजे काय, तेही त्याला कळायला लागलं. बोगदा मात्र त्याने पुन्हा मागितला नाही.

शेवटी बाईंनी तिला समोर हातांवर अंग तोलायला लावून पाहिलं आणि हरकत नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सतरंजी अंथरली. बोगदा उभा राहिला. हलला, पण राहिला.

“भुंग्या, ये.”

तो दारातच उभा. उलट्या डोक्याने तिला त्याची पावलं दिसली. ती पावलं आत वळली आणि निघून गेली. तिने डोळे मिटून घेतले.

मग काहीतरी घासत येत असल्याचा आवाज झाला. त्याने पलंगावरची मोठी उशी ओढत आणली होती. ती त्याने आईच्या पोटाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत सारली आणि थोपटून सपाट केली. जायला वाटच उरली नाही.

“पडलीस तर लागणार नाही तुला,” तो म्हणाला, आणि शेजारी मांडी घालून तिच्या डाव्या कोपरावर नजर लावून बसला.

आतल्या खोलीतलं मशीन थांबलं होतं.

“आई, आता खाली ये.”

“अजून थोडं, राजा,” ती म्हणाली. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब उशीवर पडत होते. हात थरथरत होता, पण मिटत नव्हता. “अजून थोडं थांबते.”