तेजीरावाचा सल्ला

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा एक साधा नियम असतो. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचं असेल तर आधी वर मशीनरूममध्ये जायचं, मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकूनच खाली यायचं. आपला जीव आपल्या खिशात. दुसऱ्याच्या भरवशावर उतरायचं नाही, मग तो दुसरा सख्खा भाऊ का असेना.

दादा एवढे जुने मेकॅनिक, पण हा नियम पाळत नसत. खड्ड्यात वाकलं की किल्ली खिशातून पडते आणि मग तेलकट घाणीत चाचपडत बसावं लागतं, असं ते सांगत. खरं कारण निराळंच होतं. वर तेजीराव उभा आहे म्हटल्यावर त्यांना किल्लीची फिकीरच वाटत नसे. "धर रे," म्हणून ती त्याच्या हातात द्यायची आणि शिडीवर पाय ठेवायचा. दोघांची जोडी लागली तेव्हापासून हे असंच चालत आलेलं, आणि तेजीरावाला त्याचा मनातून भारी अभिमान.

तेजीराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. चहाच्या सुट्टीत तो शेअर बाजारावर बोलायला लागला की आवरायचं नाव घेत नसे, म्हणून वर्कशॉपमधल्या टवाळांनी ठेवलेलं. मोबाइलमध्ये त्यानं एक फोटो जपून ठेवला होता. एका दुपारी ऑप्शनमध्ये त्याला घसघशीत नफा झाला, त्या हिशेबाच्या पडद्याचा. त्याच्या लग्नाचे फोटोसुद्धा इतक्या लोकांनी पाहिले नसतील.

त्या दुपारनंतर काय झालं, ते मात्र त्यानं कुणाला दाखवलं नव्हतं. त्याच ऑप्शननी पुढे त्याला असा काही धुतला की नफा तर गेलाच, वर बायकोसमोर मान खाली घालायची पाळी आली. त्यानंतर त्यानं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रंग बनवणाऱ्या एका कंपनीचे थोडे थोडे शेअर घेऊन तो गप बसला होता. पण गप बसणाऱ्याचं कौतुक चहाच्या टेबलावर कोण करणार? म्हणून व्यवहार बंद झाला तरी तोंड सुरूच राहिलं.

आणि अशा माणसाला दादांनी सल्ला विचारला.

वहिनींना, म्हणजे दादांच्या बायकोला, दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं. दादांचं तेवढं ऐकू येई. "लिफ्टच्या बोगद्यात ओरडायची सवय झाली म्हणून माझा संसार टिकला," असं ते हसत सांगत. पण नातवंडांचे बारीक आवाज वहिनींपर्यंत पोचत नसत, आणि ते दादांना डाचत होतं. कानाची चांगली मशीनं महाग. बरेच पैसे साठले होते, थोडे कमी पडत होते.

"तेजीराव, माझ्यासारख्या नवख्यानं काय करावं?" त्यांनी टेबलावर सगळ्यांसमोरच विचारलं. "एखाद्या कंपनीचे शेअर घ्यावेत, की ते तुझं ऑप्शन?"

खरं उत्तर त्याच्या जिभेवर आलं होतं. शेअर म्हणजे कंपनीचा तुकडा. भाव पडला तरी तुकडा आपल्याकडे राहतो, वाट पाहता येते. ऑप्शन घ्यायचं म्हणजे अमुक दिवसापर्यंत भाव वर जाईल असं धरून पैसे मोजायचे. गेला तर चांदी. नाही गेला आणि तो दिवस उलटला, तर हातात धुपाटणं. एवढं सांगायला किती वेळ लागतो? पण टेबलाभोवती सगळे कान टवकारून बसले होते आणि तेजीरावाच्या अंगात तेजीराव संचारला.

"शेअर म्हणजे म्हातारपणीची सोय, दादा," तो म्हणाला. "लवकर पाहिजे असेल तर ऑप्शन." आणि त्यानं तो फोटो काढून दाखवला.

पुढचं त्याला कळलं ते एका ऑफिसच्या इमारतीत, लिफ्टच्या खड्ड्याच्या तोंडाशी. वर स्विचला कुलूप घालून दोघं खाली आले होते. दादा हातमोजे चढवत होते.

"अर्धे गेले," ते म्हणाले, पाना विसरला म्हणावं तितक्या सहज.

"काय गेले?"

"मशीनचे. ते तुझं ऑप्शन. तू बरोबर सांगितलं होतंस, मलाच जमलं नाही. विकायचं तेव्हा हावरटासारखा बसून राहिलो, आणि मग दिवसच संपला." ते खजील होऊन हसले. "तुझं नाव खराब केलं बघ मी. धर रे."

त्यांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि ते खाली उतरले.

तेजीराव दारात उभा राहिला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं, सांगून टाकता आलं असतं. हा माणूस त्याचीच माफी मागत होता. लाज वाटली त्याला, आणि तरीही पहिला विचार आला तो हाच, की आपल्यावर काही आलं नाही. त्या विचाराची त्याला जास्तच किळस आली.

खालून पान्याचा आवाज थांबला. "उरलेले उद्या लावतो," दादा ओरडले. "या वेळी तू शेजारी बस. तू सांगशील तेव्हा विकेन. मग चुकायचा प्रश्नच नाही."

आता गप्प राहिलं तर वहिनींच्या दुसऱ्या कानाचे पैसेही जाणार. तेजीराव गुडघ्यांवर बसला आणि खड्ड्यात वाकला.

"दादा, लावू नका," तो म्हणाला.

"काय?"

"लावू नका म्हणतो. मी स्वतः ऑप्शन केव्हाच सोडलंय. माझे सगळे बुडाले होते. तो फोटो जुना आहे. माझे पैसे रंगाच्या कंपनीत आहेत." आवाज बोगद्यातून वर जात होता, आणि वरच्या मजल्यांवर कोणी ऐकत असेल याची त्याला पर्वा राहिली नव्हती. "नवख्यानं ऑप्शनला हात लावू नये. शेअर घ्यायचे तर घ्यावेत, पण सगळं एकाच कंपनीत घालू नये. आणि वहिनींच्या मशीनचे पैसे तर कशातच घालू नयेत. हे मला त्या दिवशीच माहीत होतं. चार लोकांत मिरवायला मिळालं म्हणून मी खोटं बोललो."

खाली पाना पुन्हा चालू झाला. काम नीट पुरं करूनच दादा वर आले आणि हातमोजे काढून त्यांनी हात पुसले.

"सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले.

"मी माझे शेअर विकतो, दादा. तुमचे गेलेले भरून देतो."

"राहू दे. वाढतायत ना ते? वाढू देत." हे ते टोमणा म्हणून बोलले असते तरी चाललं असतं. ते साधेपणानं बोलले, आणि तेजीरावाला कुठे पाहावं ते कळेना.

उरलेल्या पैशांत थोडी भर घालून एका कानाचं मशीन आलं. दादांनी ते चहाच्या टेबलावर सांगितलं, हसतच. "घरी आता बायको मलाच हळू बोला म्हणते. म्हणे, एवढं ओरडायला झालंय काय?" सगळे खो खो हसले. तेजीरावाच्या खोट्याबद्दल मात्र दादांनी कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं. कोणीतरी म्हणालं, काढ रे तो फोटो. फोटो पुसून टाकलाय, असं तेजीरावानं सांगितलं, तर ती थट्टा समजून पुन्हा सगळे हसले.

चहा संपवून दोघं पुढच्या कामावर गेले. दादांनी वर जाऊन स्विच बंद केला, कुलूप घातलं, खेचून पाहिलं. खड्ड्याशी आल्यावर सवयीनं तेजीरावाचा हात पुढे झाला.

दादांनी त्या हाताकडे पाहिलं. मग किल्ली आपल्या शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. "नियम आहे तो," ते हळूच म्हणाले आणि शिडी उतरू लागले.