थ्वदज

ळछक्.

बोथ्याच्या घाटात अकोल्याची बस थांबली. पुढे रस्त्यावर अस्वल होतं, की अस्वल पाहायला थांबलेली माणसं, हे मागच्या सीटवरून कळत नव्हतं.

टायपिंगचा पहिला धडा: कि सा रा हा. कि सा रा हा. कागद भरेपर्यंत.

परिपत्रक, शनिवारचं: मराठी भाषा पंधरवड्यात विभागातलं सर्व काम शक्य तितकं मराठीतून करावं.

दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याच्या शेजारी लिहिलेलं: १०न.

टपमू. म्कपज.

"काऊन बे, तुह्या स्क्रीनवर बी असंच दिसून राह्यलं?"

"हाव."

*

सोमवार, सकाळचे पावणेनऊ. बुलढाण्यातलं एक तंत्रनिकेतन, पहिल्या मजल्यावरची इलेक्ट्रॉनिक्सची लॅब, एकतीस संगणक. अकरा वाजता तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा. प्रत्येक विद्यार्थ्याने संगणकावर सर्किट काढायचं, चालवून पाहायचं आणि परीक्षकाला दाखवायचं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर एकतीसही संगणकांवर उघडलं आणि एकतीसही पडद्यांवर हा असा मजकूर उमटला. अक्षरं मराठी होती. शब्द कुठल्याच भाषेतले नव्हते.

शेखर सरांनी, म्हणजे विषय शिकवणाऱ्या अधिव्याख्यात्यांनी, आधी व्हायरस म्हटलं. मग विद्यार्थ्यांकडे पाहिलं. मागच्या बाकावरच्या दोघांची चौकशीही सुरू केली. तेव्हा दाराजवळ उभ्या असलेल्या छायाबाई पुढे आल्या.

"मीच केलं, सर."

छायाबाई लॅब असिस्टंट होत्या, कंत्राटी, चार महिन्यांपासून. त्याआधी वीस वर्षं शेगावला स्टेशनाकडच्या एका लॉजच्या मागच्या खोलीत त्यांनी मराठी टायपिंग शिकवलं. क्लास बंद पडला तेव्हा त्यांच्याकडे शिकून गेलेल्या एकाने इथली जागा सुचवली. संगणक त्यांना येत होता तो टायपिंगपुरता. सर्किट त्यांना येत नव्हतं, आणि येतं असं त्यांनी कधी म्हटलंही नाही.

शनिवारी परिपत्रक आलं. त्यांनी ते मनावर घेतलं. सॉफ्टवेअरच्या पसंतीच्या खिडकीत, म्हणजे जिथे रंग, आकार, अक्षर आपल्याला हवं तसं ठरवता येतं तिथे, फॉन्टची यादी सापडली. यादीत ओळखीचं नाव दिसलं: कृतिदेव. वीस वर्षं याच फॉन्टवर पोटाला मिळालं होतं. त्यांना वाटलं, फॉन्ट मराठी केला की सर्किट मराठीत दिसेल. निवडला. खालचं एक बटण दाबलं. कुलूप लावून घरी गेल्या.

कृतिदेव भाषांतर करत नाही. कृतिदेव इंग्रजी अक्षराच्या अंगावर मराठी अक्षराचा सदरा चढवतो, एवढंच. आत माणूस तोच. आणि या सॉफ्टवेअरमध्ये सर्किटचं, मेनूचं आणि पसंतीच्या खिडकीचं, सगळ्यांचं अक्षर एकाच जागेवरून ठरत होतं. म्हणजे जिथून चूक दुरुस्त करायची ती जागाही त्याच सदऱ्यात.

प्राचार्या प्रतिमा मॅडम वर आल्या. त्यांनी एक पडदा पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला नाही. अकरापर्यंत झालं तर ठीक, नाहीतर परीक्षेचं केंद्र चिखलीला द्यावं लागेल, असं त्या म्हणाल्या. मग छायाबाईंकडे वळून, आवाज न चढवता, त्यांनी सांगितलं की तसं झालं तर महिनाअखेरीला त्यांची कंत्राटाची ऑर्डर वाढणार नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडलेलं माणूस मागाहून विरघळतं.

*

साडेनऊ. शेखर सरांनी आठवणीने बटणं दाबली. पडद्याची पार्श्वभूमी काळी झाली. पुन्हा दाबली. मागच्या बारीक चौकटी गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी हात मागे घेतला आणि पुण्याला फोन लावला.

पुण्यात सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांच्या मदतकक्षात स्वरदा नावाची मुलगी होती. तिचा आवाज स्वच्छ होता आणि तिला घाई नव्हती. फोन स्पीकरवर होता. तिने सांगितलं की काढून पुन्हा बसवायचं तर माणूस पाठवावा लागेल आणि तो गुरुवारी येईल. तुमची आवृत्ती जुनी आहे, त्यामुळे कुठलं बटण कुठे ते तिला इथून दिसत नाही. पण वाचून दाखवा, म्हणजे सांगते.

"काय लिहिलंय तिथे?"

शेखर सर पडद्याला नाक लावून म्हणाले, "थ्वदज."

"काय?"

"अर्धा थ. मग व. मग द, ज. थ्वदज."

"सर, असं काही आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीये हो."

"आमच्यात हाय ना पण," मागून कोणीतरी म्हणालं, आणि लॅब हसली. पलीकडे स्वरदाही हसली. शेखर सर हसले नाहीत. त्यांनी पुढचं वाचायला घेतलं: ब्वसवत, ळतपक, न्दपज. मंत्र म्हणावा तसे ते वाचत गेले.

छायाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. हात पोटाशी बांधलेले. पहिल्या बाकावरची अपेक्षा, वरवट बकालची, वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी, पडद्याकडे न पाहता त्यांच्या हातांकडे पाहत होती.

"मॅडम, तुमची बोटं काय करून राह्यली?"

छायाबाईंनी खाली पाहिलं. बोटं चालत होती. कानावर मराठी अक्षर पडलं की ती चालायचीच. किराणा दुकानात, कीर्तनात, नवरा फोनवर बोलत असताना. वीस वर्षांची खोड. शेखर सर ब्वसवत म्हणत होते आणि बोटं साडीच्या पदरावर ब्वसवत टाईप करत होती.

"सवय हाय बाई," त्या म्हणाल्या. आणि मग थांबल्या. पदर सोडला.

"सर, बाजूच्या कम्प्युटरवर नोटपॅड उघडा. साधं. इंग्रजी अक्षराचं."

*

पाहा कशी गोष्ट आहे. कृतिदेवमध्ये थ् हवा असेल तर शिफ्ट धरून डाव्या हाताची तर्जनी जिथे पडते, त्या कळीवर इंग्रजी एफ आहे. व जिथे आहे तिथे ओ. द जिथे आहे तिथे एन. ज जिथे आहे तिथे टी. छायाबाईंना हे माहीत नव्हतं. टायपिंग शिकवणारा माणूस कळीवर काय छापलंय ते पाहत नाही, पाहू देत नाही. त्यांच्या क्लासमध्ये कळफलकावर कापड टाकलेलं असे. माहीत होतं ते बोटांना.

त्या डावीकडच्या पडद्यावर पाहत होत्या आणि उजवीकडच्या संगणकावर टाईप करत होत्या.

डोळ्यांत: थ्वदज.

नोटपॅडवर: Font.

मग मागच्या बाकावरचा तो, ज्याची सकाळी चौकशी झाली होती, उठून पुढे आला आणि त्याने ते मोठ्याने वाचलं. फॉन्ट. मग दुसरा आला. ब्वसवत: Color. ळतपक: Grid. न्दपज: Unit. टपमू म्हणजे View. छायाबाई मान वळवत नव्हत्या. अपेक्षा त्यांच्या खांद्याशी उभी राहून एकेक शब्द फोनमध्ये सांगत होती, आणि पुण्याहून हसण्याचा आवाज येईनासा झाला होता.

"तुम्ही हे कशावरून वाचताय?" स्वरदाने विचारलं.

"बोटांवरून," अपेक्षा म्हणाली.

इतक्यात शेखर सरांचा उत्साह परतला. त्यांनी खालचं एक मोठं बटण हेरलं, त्मेमज, हेच ओके असणार म्हणून माऊस त्यावर नेला.

"थांबा सर."

बाई त्यांना पहिल्यांदाच थांबवत होत्या. शेखर सर थांबले. छायाबाईंनी टाईप केलं: Reset. फोनमधून स्वरदा घाईने म्हणाली, पहिल्यांदाच घाईने, की त्याला हात लावू नका. त्याने पसंतीबरोबर परीक्षेसाठी भरून ठेवलेली सर्किटंही पुसली जातील. शेखर सरांनी माऊस सोडला आणि खिशात हात घातले. हात तिथेच राहिले.

*

ज्ञतनजप क्मअ.

यादीत त्यांनी निवडलेलं नाव हेच होतं. त्यांनी टाईप केलं आणि नोटपॅडवर Kruti Dev उमटलं. कृतिदेवला स्वतःचं नाव कृतिदेवमध्ये वाचता येत नाही. छायाबाईंना हसू आलं. त्या दिवसाचं पहिलं. त्यांनी यादीत ।तपंस शोधलं, म्हणजे Arial. निवडलं. व्ज्ञ, म्हणजे OK, दाबलं. नवं अक्षर सॉफ्टवेअर बंद करून उघडल्यावरच लागतं, असं स्वरदाने सांगितलं होतं. त्यांनी बंद केलं. उघडलं.

टपमू. म्कपज.

दहा वीस. खाली फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला तर सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. परीक्षक नव्हते. परीक्षक अजून अकोल्याच्या बसमध्ये, बोथ्याच्या घाटात होते.

छायाबाईंनी डोळे मिटले. शनिवार. खिडकी. यादी. निवडलं. मग खालचं एक बटण, जे दाबल्यावर ती खिडकी म्हणाली होती की आता हे कायम. ते ओके नव्हतं. इंग्रजी होतं, छोटं, आणि सुरुवातीचं अक्षर काडीला दोन फांद्या फुटल्यासारखं. कृतिदेवचंही पहिलं अक्षर तेच. म्हणजे,

"अपेक्षा, ज्ञ कुठं हाय ते पा. ज्ञनं सुरू होणारं."

"ज्ञतनजप?"

"ते नाही. ते तं त्याचं नाव. बटण पा."

अपेक्षाने खिडकी ओढून मोठी केली. अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, अर्धं कडेखाली गेलेलं: ज्ञममच.

बोटं चालली. Keep.

"दाबा," स्वरदा म्हणाली. "सरांच्या मशीनवर एकदा दाबलं की बाकीच्या तीस मशीन उघडताना तिथूनच घेतील." मग म्हणाली, "पण त्याआधी बाकीचंही लावून घ्या ना, मॅडम. आता तुम्हाला वाचता येतंय."

सकाळपासून फोनवर कोणी त्यांना मॅडम म्हटलं नव्हतं.

तेव्हा छायाबाईंनी ती खिडकी वरपासून खालपर्यंत वाचली. इतकी ती त्या कॉलेजात कधी कोणी वाचली नव्हती. सॉफ्टवेअर आलं तसं वापरायचं अशीच रीत होती. काळी पार्श्वभूमी पांढरी केली. चौकटी परत आणल्या. मागच्या बाकावरच्यांना आकडे दिसत नाहीत अशी तक्रार त्यांनी चार महिने ऐकली होती, अक्षराचा आकार दोन घरं वाढवला. मग एका ओळीपाशी थांबल्या: ।नजवेंअम. Autosave. त्यांनी विचारलं हे काय. शेखर सर म्हणाले, काम आपोआप साठवत राहतं, पण आपल्याकडे ते बंदच असतं.

"काऊन?"

छायाबाईंनी ते चालू केलं. किती मिनिटांनी, असं त्या रकान्याने विचारलं. पाच.

।तपंस. व्ज्ञ नाही. ज्ञममच.

बंद. उघड.

View. Edit. ळछक् होतं तिथे GND, म्हणजे ग्राउंड. १०न होतं तिथे 10u.

पहिल्या रांगेने आपापले संगणक बंद करून उघडले. मग दुसरीने. अक्षरं एकेका पडद्यावर परत येत गेली, मोठी, काळी, पांढऱ्यावर, आणि शेवटच्या बाकावरचा म्हणाला, "आता तं चष्म्याबिगर दिसते बे." पुण्याला लावलेला फोन बंद करायचं सगळेच विसरले होते. स्वरदा सगळं ऐकत होती.

*

परीक्षक अकरा वाजून बारा मिनिटांनी आले. अस्वल खरंच होतं, असं ते म्हणाले. परीक्षा सुरू झाली.

सव्वाबाराला वीज गेली.

लॅबच्या बॅटऱ्या केव्हाच्याच बसल्या होत्या. एकतीस पडदे एकदम काळे झाले आणि तीस मुलं एकदम उभी राहिली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. अशा वेळी वर्षानुवर्षं जे होत आलं ते त्यांना ठाऊक होतं: पुन्हा पहिल्यापासून, अर्धा वेळ, रडारड. सात मिनिटांनी वीज आली. संगणक उघडले. सॉफ्टवेअर उघडलं. अपेक्षाच्या पडद्यावर तिचं सर्किट होतं, कपॅसिटरसकट, फक्त शेवटची एक तार जोडायची राहिली होती. शेजाऱ्याचंही होतं. सगळ्यांचंच होतं.

परीक्षकांनी शेखर सरांना विचारलं की हे कोणी लावून ठेवलं. शेखर सरांनी खिशातून हात काढला आणि दाराकडे दाखवला.

तीन वाजता प्रतिमा मॅडमनी छायाबाईंना खोलीत बोलावलं. ऑर्डरचा विषय त्यांनीच काढला, वर्षभरासाठी, आणि सही करता करता म्हणाल्या की परिपत्रकात मराठीतून काम करा असं लिहिलं होतं, ते तुमच्याइतकं कोणी केलं नाही. हा टोमणा आहे की कौतुक, ते छायाबाईंना लगेच कळलं नाही. मॅडम हसल्या तेव्हा कळलं.

त्या वर आल्या. लॅब रिकामी होती. त्यांनी शेखर सरांच्या संगणकावर ती खिडकी पुन्हा उघडली, काहीही बदलायला नाही, नुसती, आणि आता सरळ इंग्रजीत असलेले सगळे शब्द बोट ठेवत एकदा वाचून काढले.

एकोणीसशे नव्याण्णव साली इंग्रजी टायपिंगच्या परीक्षेत छायाबाई नापास झाल्या होत्या.